कासवाचं पिल्लू विणायला घेतलंय, पण तळ्यातलं कासव होतंय! (क्रोशे, मदत हवी)

सुईदोरा | ३ मार्च, रात्री ११:१०

मंडळी, जरा सविस्तर लिहिते, कारण नेमकं कुठे चुकतंय तेच मला कळत नाहीये.

गेल्या शनिवार-रविवारी आम्ही वेळासला कासव महोत्सवाला गेलो होतो. गावातल्याच एका घरी मुक्काम, पहाटे उठून चालत किनाऱ्यावर. सातच्या सुमारास हॅचरीतल्या टोपल्या उचलल्या, तर एकीखाली सतरा पिल्लं! माझा लेक (वय वर्षं ६) दोरीच्या अलीकडे पालथा झोपून बघत होता. शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत हा पठ्ठ्या हलला नाही. परतीच्या वाटेवर म्हाप्रळपर्यंत गप्प, आणि मग एकदम, "आपल्याकडे एक पाहिजे." खरं आणता येत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून मी म्हटलं, मी विणून देते.

आता माझी पार्श्वभूमी. तोरणं, रुमाल, टेबलक्लॉथ हे सगळं आईकडून शिकलेय, हात चांगला बसलाय. पण भरलेलं खेळणं कधी केलं नव्हतं. इंटरनेटवर एक फुकट पॅटर्न मिळाला, हिरवं कासव, गोड दिसत होतं. तीन रात्री विणलं. निष्पत्ती अशी:

पोटाची चकती सपाट व्हायला हवी, ती वाटी झाली. पाठीला एवढी भोकं की आतला फायबर डोकावतोय. आणि लेकाने हातात घेऊन, उलटं-सुलटं करून निकाल दिला, "आई, हे तळ्यातलं आहे. याला पाय आहेत. त्याला वल्ही होती."

फोटो लावलाय. हसू नका.

कोकणी_फणस | ३ मार्च, रात्री ११:३२

हसलो नाही. पण हे कासव आहे हे शीर्षकात लिहिलंत ते बरं केलंत. मी भरली वांगी समजून धागा उघडला होता.

अबोली२१ | ४ मार्च, सकाळी ७:०५

फणसराव, सकाळी सकाळी! सुईदोरा, रंग सुंदर आहे हो. बाकी जाणकार सांगतीलच.

टाकामोजणी | ४ मार्च, सकाळी ९:४८

फोटो मोठा करून बघितला. ताई, तुम्ही हे सगळं खांबांनी (उंच टाक्याने) विणलंय. अमिगुरुमीत (जपानी पद्धतीची भरलेली खेळणी, म्हणजे हेच) जवळजवळ सगळं काम मुक्या खांबात (बुटक्या टाक्यात) असतं. पॅटर्नमध्ये "डीसी" लिहिलं होतं का? आणि सुई कितीची घेतलीत?

सुईदोरा | ४ मार्च, सकाळी १०:१५

हो, सगळीकडे डीसीच लिहिलंय. डबल क्रोशे म्हणजे खांब ना? सुई ३.५ ची, दोरा चार पदरी सुती.

टाकामोजणी | ४ मार्च, सकाळी १०:४०

तिथेच घोटाळा आहे. अमेरिकन पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब! शब्द तोच, टाका वेगळा. ब्रिटिशांकडे "सिंगल क्रोशे" हा शब्दच वापरात नाही. म्हणून नवीन पॅटर्न हातात आला की मी आधी तो शब्द शोधते. कुठेतरी "एससी" दिसलं तर पॅटर्न अमेरिकन. अख्ख्या पॅटर्नमध्ये एकदाही दिसलं नाही आणि खेळणं भरायचं असेल, तर बहुतेक ब्रिटिश.

आपल्या आयांनी साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब अशी नावं शिकवली, त्यात हा गोंधळच नाही. मी पॅटर्न वाचताना आधी पेन्सिलीने मराठीत उतरवून घेते, मग सुई उचलते.

आणि सुई २.५ ची घ्या. कपड्याला वीण सैल चालते, खेळण्याला ती आवळच हवी. सुई खुपसताना किंचित जोर लागला पाहिजे.

सुईदोरा | ४ मार्च, सकाळी १०:५२

अरे देवा. तीन रात्री!! भोकांचं समजलं. पण वाटी का झाली? टाके मी दर ओळीला बरोब्बर सहा वाढवले होते.

गणितवाला | ४ मार्च, दुपारी १:२०

मला क्रोशे येत नाही. बायको करते, मी बाजूला बसून मोजतो. पण हा प्रश्न माझ्या प्रांतातला आहे म्हणून घुसतो.

वर्तुळाची त्रिज्या एकाने वाढली की परीघ २π ने वाढतो, म्हणजे ६.२८. मुका खांब साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच. त्यामुळे एक फेरी विणली की त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि परिघाला सहा टाके जास्त लागतात. ६, १२, १८, २४ हा पाढा त्यातूनच आलाय. खांब मात्र जवळपास दुप्पट उंच, म्हणजे त्रिज्या दोनने वाढली, परिघाला बारा टाके हवेत. तुम्ही दिले सहा. कड कमी पडली, चकतीने अंग आक्रसून घेतलं, वाटी झाली. तुमची मोजणी चोख होती, टाका उंच होता.

उलटही होतं. गरजेपेक्षा जास्त टाके वाढवले की कडेला झालर पडते. दर टाक्यात दोन, पुन्हा दर टाक्यात दोन असं करत गेलं तर मंगळुरी कोबीसारखं काहीतरी तयार होतं. कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिन्या नावाच्या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी १९९७ साली नेमकं हेच करून अतिवलयी (हायपरबोलिक, म्हणजे सपाट न राहता सगळीकडे झालरीसारख्या वळणाऱ्या पृष्ठाच्या) भूमितीचं प्रतल विद्यार्थ्यांच्या हातात दिलं. त्याआधी कागदाच्या पट्ट्या चिकटवून तसली मॉडेलं करत, ती फाटायची. पुढे २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी त्याच झालरीतून क्रोशाची अख्खी प्रवाळभिंत विणायला घेतली. प्रवाळ, समुद्री गोगलगायी यांच्या कडा खरोखर तशाच असतात.

अबोली२१ | ४ मार्च, दुपारी १:४५

म्हणजे माझ्या पहिल्या रुमालाला झालर आली होती ते अतिवलयी प्रतल होतं! आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "उसव."

वाळूतलं_पाऊल | ४ मार्च, रात्री ९:३०

धागा बघून राहवलं नाही. मी दोन हंगाम कोकणातल्या एका किनाऱ्यावर कासव-संवर्धनात स्वयंसेवक होतो. विणकामातलं ओ की ठो कळत नाही, पण तुमच्या मुलाचं बरोबर आहे.

फोटोतलं कासव गोड्या पाण्यातलं आहे. आखूड खुंटासारखे चार पाय, घुमटासारखी पाठ, हिरवा रंग. वेळासला तुम्ही पाहिलंत ते ऑलिव्ह रिडले. त्याच्या बाबतीत या गोष्टी बघा:

पुढची वल्ही लांब, जवळजवळ पाठीच्या लांबीची वाटतील इतकी. मागची आखूड आणि रुंद, ती सुकाणूसारखी वापरतात. सगळी चार सारखी विणलीत तर पुन्हा नापास होणार.

पिल्लू हिरवं नसतं! ऑलिव्ह हे नाव मोठ्या कासवाच्या पाठीच्या रंगावरून पडलं. पिल्लू काळपट करडं, ओलं असताना जवळजवळ काळंच.

पाठ वरून बघितली तर बदामासारखी, शेपटीकडे निमुळती. मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना जी खवलं असतात, त्यांच्या रिडलेत बहुधा सहा किंवा जास्त जोड्या असतात. हिरव्या समुद्री कासवात चारच. ओळखायची ही आमची सोपी खूण.

आणि डोकं आत ओढून घेतलेलं दाखवू नका. समुद्री कासवाला डोकं कवचात घेता येत नाही.

पिल्लाचं कवच जेमतेम चार सेंटीमीटर असतं, त्यामुळे ठरवलंत तर खऱ्या मापाचंही विणता येईल.

सुईदोरा | ४ मार्च, रात्री १०:०२

बापरे, पोरगं खरंच बघत होतं म्हणायचं. मी फोटोच काढत बसले होते.

वाळूतलं पाऊल, मनापासून आभार. उद्या करडा दोरा आणते.

मांद्र्याची_मोगरी | ५ मार्च, सकाळी ८:१८

आमच्या गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबागला येतात रिडले. लहानपणी आजी सांगायची, पूर्वी लोक अंडी काढून विकत. आता राखण असते. माझी चुलती क्रोशे करते, चर्चच्या अल्तारच्या कापडांना लेस लावायची कामं. तिला हा धागा वाचून दाखवला. तिचा निरोप: "काळा दोरा रात्री विणूं नको, दोळे वतले." (डोळे जातील.)

टाकामोजणी | ५ मार्च, सकाळी ११:००

मोगरी, चुलतीला नमस्कार! अगदी खरं आहे. गडद दोऱ्यात टाके दिसतच नाहीत. मांडीवर पांढरा पंचा पसरा, म्हणजे भोकांतून खालचा पांढरा दिसतो आणि टाका सापडतो. आणखी एक: पहिलं कासव फिक्या रंगात करून हात बसवा, मग करड्याकडे वळा.

वाळूतलं पाऊल यांचं वाचून रात्री सुई घेऊन बसले. खाली लिहितेय ते दोनदा विणून पाहिलंय. २.५ ची सुई, चार पदरी सुती दोरा. फेऱ्या जोडायच्या नाहीत, गोगलगाईसारखं गोल गोल जायचं. दर फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, नाहीतर मोजणी गेलीच समजा.

पाठ (करडा): मॅजिक रिंगमध्ये (दोऱ्याच्या सरकत्या फाशात) ६ मुके खांब. दुसरी फेरी दर टाक्यात दोन, १२. तिसरी एकाआड एक वाढ, १८. चौथी दोन साधे आणि एक वाढ, २४. पाचवी तीन साधे आणि एक वाढ, ३०. सहावी-सातवी न वाढवता, ३० च. आठवीत शेपटीचं टोक काढायचं: १३ मुके, १ अर्धा खांब, १ खांब, १ अर्धा खांब, १४ मुके. टाके ३० च राहतात, फक्त त्या एका जागी कड उंचावते.

पोट (मोतिया किंवा फिका करडा): पाठीच्या पहिल्या पाच फेऱ्या तशाच. मुक्याने विणलंत तर या वेळी वाटी होणार नाही, गणितवाल्यांची हमी.

पुढची वल्ही, दोन: ९ साखळ्या. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात: १ स्लिप स्टिच, १ मुका, २ अर्धे, २ खांब, १ अर्धा, १ मुका. आठ टाके झाले. आता साखळीच्या दुसऱ्या अंगाने तेच उलट्या क्रमाने परत. आंब्याच्या कोवळ्या पानासारखं दिसेल. दोरा लांब ठेवून कापा.

मागची, दोन: ६ साखळ्या, तसंच, पण १ स्लिप, १ मुका, २ अर्धे, १ मुका.

डोकं: ६, १२, १८, मग तीन फेऱ्या साध्या, मग एक टाका साधा आणि पुढचे दोन एकत्र असं करत १२. भरा, दोरा लांब ठेवा. घट करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे पदर उचला, म्हणजे खड्डा दिसत नाही.

पाठ आणि पोट एकमेकांवर ठेवून ३० मुक्या खांबांनी कड जोडत जायचं. वल्ही त्याच वेळी मधे धरून जोडा, नंतर शिवण्यापेक्षा भक्कम बसतात. शेवटचे सहा-सात टाके राहिले की भरा, पण ठासून नाही. हे कासव चपटं असतं. डोकं शेवटी शिवा.

माझं कवच साडेपाच सेंटीमीटर भरलं. खरं माप हवं असेल तर तोरणाचा बारीक दोरा आणि पोलादी सुई घ्यावी लागेल. ते धाडस माझं नाही.

कोकणी_फणस | ५ मार्च, दुपारी १२:१०

इतका शिस्तशीर मजकूर मी फक्त उकडीच्या मोदकाच्या धाग्यावर पाहिला होता.

माऊची_आई | ५ मार्च, दुपारी ३:३५

छान धागा. एक शंका विचारू का, कुणी रागावू नका. प्लास्टिकने समुद्राची वाट लागते म्हणून आपण ओरडतो आणि मग ॲक्रिलिकच्या लोकरीचं, पॉलिएस्टर भरलेलं कासव विणतो. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. धुतलं की त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. निदान समुद्री प्राणी तरी सुती दोऱ्याचे करावेत असं मला वाटतं.

अबोली२१ | ५ मार्च, दुपारी ४:०२

सुईदोराने सुतीच घेतलाय की. पण माझं उलट मत. माझ्याकडे स्वेटरांच्या उरलेल्या गोळ्यांची अख्खी गोणी आहे. ती टाकून नवीन कापूस विकत आणायचा? कापसाला पाणी काय कमी लागतं? आहे ते संपवावं. आणि खेळणं काही दर आठवड्याला धुवत नाही आपण.

माऊची_आई | ५ मार्च, दुपारी ४:२०

उरलेलं संपवायला माझीही ना नाही. माझा आक्षेप खास या खेळण्यांसाठी नवे चकचकीत मखमली गोळे आणण्याला आहे. सध्या त्याचंच पेव फुटलंय.

अबोली२१ | ५ मार्च, दुपारी ४:२६

मखमलीबद्दल सहमत. त्यात टाकाही दिसत नाही मेला.

सातासमुद्रापार | ६ मार्च, पहाटे ४:५० (इकडे संध्याकाळ)

टोरांटोहून. भरण्याबद्दल: गडद कासवात पांढरा फायबर चमकतो. मी जुन्या काळ्या पायमोज्याचा तुकडा आत अस्तरासारखा घालते आणि त्यात भरते. वीण थोडी सैल पडली तरी झाकली जाते.

आणि घरात तान्हं बाळ असेल तर सेफ्टी आय (प्लास्टिकचे तयार डोळे) लावू नका. नाव "सेफ्टी" असलं तरी विणलेल्या भोकातून ओढून निघू शकतात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी डोळे दोऱ्याने भरूनच काढा. भराईला सावरीचा कापूस छान लागतो, पण धुतला की गोळा होतो. धुवायचं असेल तर फायबरच बरा.

सुईदोरा | ६ मार्च, सकाळी ९:००

नणंदेचं बाळ आठ महिन्यांचं आहे, सगळं तोंडात घालतं. डोळे भरतकामानेच करते.

नवखी_सुई | ९ मार्च, रात्री ८:४०

मी अगदीच नवीन आहे. टाकामोजणीताईंच्या कृतीने पाठ केली, पण माझी आतली बाजू बाहेर दिसतेय असं वाटतंय. सुलट कुठली ते कसं ओळखायचं?

टाकामोजणी | ९ मार्च, रात्री ९:१५

सुलट बाजूला छोटे छोटे "व्ही" ओळीने दिसतात. उलट बाजूला प्रत्येक टाक्यावर आडवी रेघ असते. उजव्या हाताने विणत असाल आणि वाटीच्या आतल्या कडेवर काम करत असाल, तर तुम्ही उलट बाजू बाहेर ठेवून विणताय. चार फेऱ्या झाल्या की वाटी मोज्यासारखी उलटवा आणि पुढे बाहेरच्या कडेने विणा. काही उसवायचं नाही.

नवखी_सुई | ९ मार्च, रात्री ९:३१

उलटवली! एकदम शहाण्यासारखी दिसायला लागली.

पदराआड | ११ मार्च, दुपारी १२:४४

मी प्रदर्शनात अशी खेळणी विकते. एक कासव करायला मला चार तास लागतात, डोकं शिवण्यासकट. चारशे सांगितले की लोक म्हणतात, "एवढंसं तर आहे." मग शेजारच्या स्टॉलवरचं यंत्रात शिवलेलं दीडशेचं उचलतात. टाकामोजणी, तुम्ही इतकी नीट कृती फुकट दिलीत, आनंद आहे. पण यावरून विणलेली कासवं विकली तर चालतील का? विचारून घेतलेलं बरं.

टाकामोजणी | ११ मार्च, दुपारी १:३०

खुशाल विका. फक्त वल्ही नीट लावा आणि चारशेच्या खाली उतरू नका.

कोकणी_फणस | ११ मार्च, दुपारी १:५२

मी चारशेला एक घेतो. अट एकच, भरल्या वांग्यासारखं दिसता कामा नये.

सुईदोरा | १९ मार्च, रात्री १०:२५

झालं एकदाचं! फोटो लावलेत.

आधी पिवळ्या दोऱ्यात एक केलं (ते नणंदेच्या बाळाला गेलं, त्याने एक वल्हं चोखून चोखून लांब केलंय). मग करडं. पाठीवर दोन्ही बाजूंना सहा-सहा खवलं फिक्या दोऱ्याने भरली. पहिल्यांदा पुढची वल्ही उलटी लागली, टोकं पुढे आली, ते पोहण्याऐवजी शरण आल्यासारखं दिसत होतं. कड उसवून पुन्हा लावली, टोकं मागे वळवली. त्या एका बदलाने ते चालायला लागलं म्हणा ना.

लेकाने बराच वेळ हातात धरलं. खवलं मोजली. मग फरशीवर ठेवलं, खोलीतला दिवा बंद केला आणि बाल्कनीचं दार उघडून बाहेर टॉर्च लावून ठेवला. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, "समुद्राकडे उजेड असतो ना, त्याला कळायला नको कुठे जायचं?"

वेळासच्या काकांनी सकाळी सांगितलं होतं ते, मी कुठे ऐकलं होतं!

वाळूतलं_पाऊल | १९ मार्च, रात्री १०:५०

पुढच्या हंगामात या पोराला आमच्याकडे पाठवा. आणि कासव दारापर्यंत त्याला स्वतः उचलून ठेवू देऊ नका. पिल्लांना थोडी वाळू चालू द्यावी लागते.

मांद्र्याची_मोगरी | २० मार्च, सकाळी ८:०२

किती गोड! चुलती विचारते, बाकीची कधी?

सुईदोरा | २० मार्च, सकाळी ९:१०

मोगरी, तोही तेच विचारतोय. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात हे त्याला कुणीतरी सांगून ठेवलंय. मी चारवर थांबणार असं जाहीर केलंय. करडा दोरा संपलाय, पुण्यात लक्ष्मी रोडच्या आसपास नेमकी हीच छटा कुठे मिळेल? दुकानात नमुना घेऊन गेले तर तीन वेगळे करडे दाखवले आणि तिन्ही निळ्याकडे झुकणारे.